न ठरलेल्यांच्या कोपऱ्यातली आर्डिथ

आर्डिथ ट्वेटच्या स्वयंपाकघरात टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. लग्नाच्या वर्षी दोन्ही एकदमच आणलेल्या. एकीची गादी मधोमध दबली होती आणि कडेचा रंग उडून खालचं कापड दिसत होतं. ती वर्लिनची. दुसरी आर्डिथची, आणि ती दुकानातून आणली तशी कोरी होती. मी त्यांच्या शेजारी अर्धं आयुष्य काढलं, पण त्या खुर्चीवर तिला टेकलेली पाहिली नाही.

ती मोरीपाशी उभी राहून जेवायची. ताटली हातात, नजर खिडकीबाहेर मक्याच्या खुंटांवरून पळणाऱ्या वाऱ्यावर. चर्चमध्ये मागच्या भिंतीला टेकून प्रार्थना म्हणायची. कुणाच्या अंत्यविधीनंतर सगळे तळघरात कॉफीला जमले, की किटली तिच्या हातात. शाळेच्या स्वयंपाकघरात सगळी नोकरी तिनं उभ्यानं केली आणि निवृत्त झाल्यावरही उभीच राहिली. "बस ना जरा" असं तिला म्हणणं गावानं कधीच सोडून दिलं होतं. वाऱ्याला कोण बस म्हणतं?

वर्लिन अगदी उलटा. वीज सहकारी संस्थेत तो लाइनमन होता. बर्फाचं वादळ होऊन तारा तुटल्या की खांबावर चढायचा, जोडायचा, उतरायचा, आणि मग ट्रकमध्ये बसून ती तार बघत राहायचा. नुसता बघत. आर्डिथ जेवण घेऊन गेली तर काच खाली करून म्हणायचा, "जोड टिकलाय." एवढंच.

मका कापणीला यायच्या सुमारास त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. शब्दही बरेच गेले. शिव्या मात्र शाबूत राहिल्या. शिव्या डोक्यातल्या वेगळ्या कपाटात असतात, असं डॉक्टर म्हणाले. इस्पितळातून त्याला टेकडीवर नेलं. टेकडी म्हणजे गावाबाहेरचं शुश्रूषागृह. सुरुवातीला थोड्या दिवसांसाठी म्हणून. मग हिवाळा लागला, आणि ऑफिसातल्या बाईंनी आर्डिथला सांगितलं, की फेब्रुवारीत काय ते ठरवावं लागेल. वर्लिन कायमचा राहणार असेल तर खोली त्याच्या नावावर होईल, घरी जाणार असेल तर मोकळी करावी लागेल. खोलीसाठी माणसं थांबली आहेत.

"घरीच आणणार," आर्डिथ म्हणाली. उभ्या उभ्याच म्हणाली. कागदावर सही मात्र केली नाही.

वर्लिनला तिनं एकदाच विचारलं, "घरी यायचंय ना?" तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर विजेचे खांब होते आणि खांबांच्या रांगेच्या शेवटी आमचं गाव. तो बघत राहिला, आणि ते बघणं म्हणजेच हो, असं तिनं धरलं. यात तिचा एकटीचा दोष नाही. आमच्याकडे कुणी आपल्याला काय हवं ते सरळ सांगत नाही. कॉफी हवी असली तरी दोनदा नको म्हणायचं. मनातलं माणूस चार वर्षांतून एकदा सांगतो, कॉकसच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या सभेच्या संध्याकाळी, आणि तेही पायांनी. त्या संध्याकाळी चिठ्ठी नसते, पेटी नसते. शाळेच्या जिममध्ये जायचं आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत उभं राहायचं.

त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदासाठी आमच्या पक्षात दोघांची नावं जोरात होती. एक पश्चिमेकडच्या गव्हर्नरबाई. त्यांचं म्हणणं, जास्त कमावणाऱ्यांवर जास्त कर लावायचा, बाकीच्यांच्या पगारातूनही थोडा घ्यायचा, आणि त्यातून म्हाताऱ्या-आजारी माणसाच्या घरी मदतनीस पाठवायचा. दुसरे पूर्वेकडचे सेनेटर. ते म्हणायचे, साध्या माणसावर एक पैशाचा कर नको, मोठ्या कंपन्यांकडून वसूल करू, आणि खेड्यापाड्यातली इस्पितळं आणि शुश्रूषागृहं बंद पडू देणार नाही. बाईंनी कॅफेत आर्डिथचा हात हातात घेतला होता. सेनेटर टेकडीवर जाऊन वर्लिनच्या टेबलाशी थरथरती लाल जेली खाऊन आले होते.

दर निवडणुकीला आर्डिथ चर्चच्या तळघरात केक करते. प्रत्येक उमेदवाराचा एक. त्याच्या कराएवढी साखर गावानं आणायची, आणि त्याच्या खर्चाप्रमाणे केकचे तुकडे पडायचे. तुकड्यांवर दात कोरायच्या काड्यांना लावलेल्या कागदी पताका: सैन्य, म्हातारे, शाळा, रस्ते, आणि देशाच्या कर्जाचं व्याज. व्याजाचा तुकडा खायचा नसतो. तो ती सगळ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात खरवडून टाकते आणि दर वेळी अख्खं तळघर "अरेरे" म्हणतं.

त्या वर्षी गव्हर्नरबाईंच्या केकसाठी प्रत्येकानं दीड कप साखर आणायची होती, आणि धान्याच्या कोठाराचा मालक वेंडेल ब्रांट याला चार कप लावले होते.

"हे बरंय," वेंडेल पिशवी आपटत म्हणाला. "माझे चार, डोरीनचा दीड. मी काय चार तुकडे खाणार आहे?"

"खातोस की," डोरीन हास म्हणाली. ती आर्डिथची शाळेपासूनची मैत्रीण, आणि गव्हर्नरबाईंची गावातली प्रचारप्रमुख. "दर वेळी खातोस. पट्ट्याला विचार."

"आमच्या सेनेटरच्या केकला एकच कप. बघा, शिका."

"आणि बाकीची साखर?"

"मोठ्या कंपन्या आणणार."

"मग बोलव की त्यांना. जिना दाखव त्यांना खाली यायचा."

कंपन्या काही तळघरात आल्या नाहीत. सेनेटरचा केक अगोड झाला. गव्हर्नरबाईंचा फुगून ट्रेबाहेर सांडला आणि मधोमध कच्चा राहिला. लोकांनी दोन्ही खाल्ले, दोन्हींना नावं ठेवली.

आर्डिथनं स्वतः काहीच खाल्लं नाही. ती दोन ताटल्या घेऊन फिरत होती. एकीत बाईंच्या केकचा बोटभर तुकडा, पताका 'घरी मदतनीस'. दुसरीत सेनेटरच्या केकचा, पताका 'शुश्रूषागृहं'. या टेबलावरून त्या टेबलावर. एक ताटली ठेवायची, दुसरी उचलायची, पुन्हा पहिलीकडे यायची.

"कुणासाठी गं ते?" डोरीननं विचारलं.

"वर्लिनसाठी."

"दोन्ही?"

"तुलना करायला नको?" आर्डिथ म्हणाली आणि कोट न घालताच गाडीकडे गेली.

टेकडीवर वर्लिननं डाव्या हातानं सेनेटरचा अगोड तुकडा चुऱ्यासकट संपवला. बाईंचा अर्धा ठेवला. मधे कच्चा होता, म्हणून ठेवला असेल, असं आर्डिथनं आम्हाला सांगितलं.

मग हिवाळाभर ती नुसती हिंडत राहिली. टेकडी, घर, टेकडी. दोघा उमेदवारांच्या योजना वर्तमानपत्रांतून कापून नेऊन त्याला वाचून दाखवायची. खाटेभोवती फेऱ्या घालत. कर किती टक्के, कुणाला सूट, मदतनीस आठवड्यातून किती तास, घरातल्याच माणसानं सेवा केली तर त्याला काही मिळणार का. वाचता वाचता पडदा सरळ करायची, उशी बदलायची, पुन्हा वाचायची. वर्लिन डोळे मिटून घ्यायचा.

घरी तिनं न्हाणीघराचा दरवाजा रुंद करून घेतला, म्हणजे चाकाची खुर्ची आत जाईल. पुढच्या खोलीत खाट हलवली. जड पाणी मऊ करायच्या यंत्रात घालायच्या मिठाच्या गोण्या तळघरात होत्या. त्यांतली एक वर आणून ती खुर्चीवरून खाटेवर उचलून ठेवायची, खाटेवरून खुर्चीवर. सराव. मग दोन एकत्र बांधून. मी एकदा खिडकीतून पाहिलं. ती गोणीला कमरेत धरून उभी होती, कपाळ गोणीला टेकवलेलं. मला वाटलं, दमली. मग ती गोणीशी काहीतरी बोलली आणि पुन्हा उचलायला लागली.

"वर्लिन म्हणजे मिठाची गोणी नव्हे," डोरीन तिला म्हणाली. "वर्लिन म्हणजे पाच गोण्या. आणि त्यासुद्धा शिव्या देणाऱ्या."

"बाई निवडून आल्या तर मदतनीस मिळेल."

"निवडून आल्या तर. आणि समजा त्या आल्या आणि मदतनीस नाही आला?"

"मग मी आहे."

"ते दिसतंय," डोरीन म्हणाली. आर्डिथ पाठीवर हात दाबून उभी होती.

कॉकसच्या संध्याकाळी वारा थांबायला तयार नव्हता. जिमच्या दारातून माणसं आत येत नव्हती, ढकलली जात होती. बास्केटबॉलच्या एका रिंगखाली गव्हर्नरबाईंचा कोपरा, समोरच्या रिंगखाली सेनेटरचा. पाण्याच्या नळापाशी न ठरलेल्यांचा कोपरा. आर्डिथ दर वेळी आधी याच कोपऱ्यात उभी राहते. "मी दोघांचेही केक केलेत," म्हणते, "लगेच कशी एकाची होऊ?" मीही तिथेच होतो. आमचा कोपरा दर वेळी मोडतो. ज्या कोपऱ्यात पुरेशी माणसं जमत नाहीत तो मोडतो, असा नियमच आहे. मग तिथल्यांनी दुसरीकडे जायचं, नाहीतर घरी. आर्डिथ मग वर्लिन जिथे नसेल तिथे जायची. घरात एक छप्पर, जिममध्ये दोन टोकं, असा त्यांचा लौकिक होता. वर्लिन लांबून टोपी उंचवायचा. ती मान उडवायची.

टेकडीची गाडी आली. मारीसोल नावाची तिथली मदतनीस वर्लिनची खुर्ची ढकलत आत आली. तिचं नागरिकत्व अजून व्हायचं होतं, त्यामुळे तिला मोजणार नव्हते. वर्लिनच्या डोक्यावर वीज संस्थेची टोपी होती.

"इकडे आण त्याला, मारीसोल," आर्डिथनं हाक मारली. "इथे ऊब आहे. मग आम्ही दोघं मिळून जाऊ पलीकडे."

वर्लिननं डावा हात उचलला आणि सेनेटरच्या रिंगकडे बोट केलं.

मारीसोल थांबली. तिनं आर्डिथकडे पाहिलं.

"ति... तिकडे," वर्लिन म्हणाला. "तिकडे, च्यायला."

जिम हसलं. टाळ्यासुद्धा पडल्या. लोकांना वाटलं, नेहमीचंच, नवरा-बायको दोन टोकांना. वेंडेलनं धावत येऊन खुर्ची ताब्यात घेतली. "या, लाइनमन, या. आमचे दिवे लावा."

आर्डिथ नळाकडे वळली. पेला भरला, ओतून दिला, पुन्हा भरला. या वर्षी तो बाईंच्याच कोपऱ्यात जाईल, असं तिनं धरलं होतं. स्वतःच्या घरी येण्यासाठी माणूस उभा राहणार नाही, तर कुणासाठी राहणार?

"चुकून गेला असेल," ती मला म्हणाली. खुर्चीतल्या माणसाचं बोट स्पष्ट होतं.

शाळेचे बँडमास्तर त्या संध्याकाळचे प्रमुख होते. त्यांनी शिट्टी वाजवली, माणसं मोजली. आमचा कोपरा मोडला. पण गव्हर्नरबाईंचा कोपराही काठावर होता.

"आर्डिथ, ये लवकर!" डोरीन तिथून ओरडली. "तुझ्याच दरवाजासाठी उभे आहोत आम्ही!"

आर्डिथ गेली. मी गेलो. नळाजवळचे सगळेच गेले. डोरीननं बोट नाचवत मोजलं, पुन्हा मोजलं.

"एक! एकच माणूस कमी आहे!"

मग सगळ्यांच्या माना एकाच दिशेनं वळल्या.

"लाइनमन आम्ही देणार नाही," वेंडेल पलीकडून म्हणाला. "चार कप साखर मागा, देतो. लाइनमन नाही."

आर्डिथ निघाली. जिमच्या फरशीवर रंगवलेल्या रेषा ओलांडत, मधल्या वर्तुळातून, सरळ. वर्लिनच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. बोलली ती करांबद्दलच.

"वर्लिन, तुझ्या सेनेटरच्या योजनेत घरी मदतीला एक माणूस नाही. वाचून दाखवली होती ना मी?"

"हो."

"मोठ्या कंपन्या साखर आणणार म्हणे. आणली का?"

"नाही."

"केक कसा झाला होता?"

"अगोड."

"मग?"

"टे... टेकडी," वर्लिन म्हणाला. "टेकडीला. पैसे."

"टेकडीला मिळोत नाहीतर न मिळोत. तुला कशाला काळजी? तू काय कायमचा राहणार आहेस तिथे?"

वेंडेलच्या तोंडावर एक चेष्टा येऊन थांबली होती. ती त्यानं गिळली आणि हात खिशात घातले.

"मीठ," वर्लिन म्हणाला.

आर्डिथनं मागे वळून डोरीनकडे पाहिलं. डोरीन छताकडे बघायला लागली.

"पाठ," वर्लिन म्हणाला. "तुझी."

"माझी पाठ माझी आहे. ती मोजायला तुला कुणी सांगितलं? आणि मदतनीस येईल की. त्यासाठीच तर दीड कप. मी द्यायला तयार आहे, सगळे तयार आहेत..."

"कधी?"

"म्हणजे काय कधी? बाई निवडून आल्यावर. मग त्या मांडतील. मग तिथे वॉशिंग्टनमध्ये चर्चा होईल, मग..." तिचा आवाज हळूहळू खाली आला. तिचा हात आपोआप त्याच्या खांद्यावरची शाल सरळ करू लागला. मग कॉलर. मग टोपी.

वर्लिननं डाव्या हातानं तो हात धरला.

"आर्डी." तो शब्द शोधत होता. कपाळावर घाम आला होता. "तू बसत नाहीस."

"काय?"

"घरी. मी असा. तू..." त्यानं बोट हवेत गोल गोल फिरवलं, पंखा फिरतो तसं. "दिवसभर. मी बघत. मी... दमतो."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"टेकडीवर बसतात," वर्लिन म्हणाला. "पत्ते. खिडकी. तारा."

"तू तारा बघत होतास?" आर्डिथ म्हणाली. "तेव्हा, मी विचारलं तेव्हा?"

"नवे खांब," तो म्हणाला. "वाकडे. च्यायला."

"म्हणजे तुला मी नकोय."

तो तिच्याकडे बघत राहिला. तुटलेल्या तारेकडे तो असंच बघत असणार.

"ये," तो म्हणाला. "रोज ये. ये आणि बस."

शेजारी एक घडीची खुर्ची होती, टेकडीवाल्यांचे कोट तिच्यावर टाकलेले. वर्लिननं तिच्यावर थाप मारली. मारीसोलनं मुकाट्यानं कोट उचलून छातीशी धरले.

बँडमास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि शिट्टी तोंडाशी नेली. पलीकडे डोरीनचा हात अजून वर होता. आर्डिथनं त्या हाताकडे पाहिलं, मग दाराकडे. मला वाटलं, ती निघून जाणार, कुठल्याच कोपऱ्यात न मोजली जाता. दाराबाहेर वारा तिच्यासाठी उभाच होता.

ती बसली.

खुर्ची करकरली. ती करकर सगळ्या जिमनं ऐकली.

"मास्तर," वेंडेल हळूच म्हणाला, "आर्डिथ बसली, याची नोंद घ्या." यावर लोक हसले, डोरीनसुद्धा हसली, आणि मग डोळे पुसायला रुमाल शोधू लागली. वर्लिन हसला नाही. शिट्टी वाजली. सेनेटरच्या कोपऱ्यात मोजदाद सुरू झाली, एकेक माणूस हात वर करून आपला आकडा मोठ्यानं म्हणत होता. आर्डिथचा आकडा आला तेव्हा तिनं तो म्हटला. पण तिची टाच लाकडी फरशीवर वाजत होती, टकटक, टकटक. वर्लिननं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. टकटक थांबली. त्यानं हात उचलला, पुन्हा सुरू झाली. त्यानं परत ठेवला.

गव्हर्नरबाईंचा कोपरा मोडला. आम्ही काही जण सेनेटरकडे गेलो, काही जण कोट घालून घरी.

पुढे बाई आणखी दोन राज्यांत हरून परत गेल्या. सेनेटर वसंतापर्यंत टिकले आणि मग त्यांनीही हात टेकले. कुणाचा कर वाढला नाही, कुणाच्या घरी मदतनीस आला नाही, टेकडीला वेगळे पैसे मिळाले नाहीत. ती अजून चालू आहे, एवढंच. पुढच्या निवडणुकीला दुसरी माणसं येतील, दुसऱ्या योजना, आणि साखर पुन्हा गावालाच आणावी लागेल.

आर्डिथनं दुसऱ्याच दिवशी ऑफिसात जाऊन सही केली. खोली वर्लिनच्या नावावर झाली. घरी आल्यावर ती रुंद केलेल्या दरवाजातून बराच वेळ आत-बाहेर करत होती. तो दरवाजा आता नीट लागत नाही. रात्री वाऱ्यानं आपटतो, मला माझ्या घरात ऐकू येतो.

टेकडीवरच्या खुर्च्या फार खोल आहेत, त्यांत बसलं की माणूस उठतच नाही, अशी तिची तक्रार होती. म्हणून एके दिवशी ती स्वयंपाकघरातली आपली खुर्ची गाडीत घालून तिकडे घेऊन गेली. खिडकीपाशी, वर्लिनच्या शेजारी ठेवली. पत्त्यांचा एक डाव होईपर्यंत ती बसते. मग उठून कुणाच्या तरी कुंडीला पाणी घालते, कुणाचा तरी पडदा ओढते. वर्लिन पत्ते धरून थांबतो. ती परत येऊन बसते.

परवा मी भेटायला गेलो होतो. ती पाणी घालायला उठली तेव्हा मी खुर्ची पाहिली. गादी मधे अजून दबलेली नाही. पुढच्या कडेचा रंग मात्र उडायला लागला आहे, फक्त कडेचा.